खुर्चीचा कर्ता कोण?

आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं लाकडी सामान घरात असलं की एक प्रश्न कधी ना कधी निघतोच: हे बनवलं कोणी? मग खण ओढून पाहिले जातात, टेबलाखाली बॅटरी मारली जाते, खुर्ची उलटी केली जाते. सगळ्यांची नजर एकच गोष्ट शोधत असते, कुठेतरी उमटलेलं नाव. नाव सापडलं की शोध संपला असं मानतात, आणि नाही सापडलं तर वस्तू ‘लोकल’ ठरवून मोकळे होतात. मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. नाव वाचावं, पण सगळ्यांत शेवटी. आधी लाकडाची जात, त्याचं वळण, सांधे आणि पेच यांची साक्ष घ्यावी आणि मग त्या साक्षीवर नाव घासून पाहावं. हे नीट पटवायचं तर हजार वस्तूंबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच वस्तू घेतलेली बरी. मी घेतो ती मुंबईच्या इराणी हॉटेलांत जिच्यावर बसून पिढ्यांनी ब्रून-मस्का खाल्ला ती खुर्ची: गोल बैठक, पाठीला एकात एक दोन कमानी, हाताला हलकी आणि वापराला चिवट. अनेक जुन्या घरांतही ती वारशाने आलेली आहे.

या खुर्चीचा मूळपुरुष मिशाएल टोनेट. जन्म 1796चा, ऱ्हाइनकाठच्या बोप्पार्ड गावातला. पेशाने सुतार. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात शिजवून, एकावर एक चिकटवून वाकवायचे प्रयोग त्याने 1830च्या दशकात सुरू केले. ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख याच्या नजरेत ते काम भरलं आणि 1842 मध्ये टोनेट व्हिएन्नाला गेला. पण चिकटवलेल्या पट्ट्या दमट हवेत सुटायच्या, तेव्हा अखंड लाकूडच वाकवता आलं पाहिजे हे त्याने ओळखलं. वाफवलेला दांडा वाकवताना आतल्या अंगाचे तंतू दबतात आणि बाहेरच्या अंगाचे ताणले जातात. लाकूड दाब सोसतं, ताण सोसत नाही. ते बाहेरून फाटतं. टोनेटने बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी लावून ती दोन्ही टोकांना आवळली. ताण पट्टीने घेतला आणि लाकडाच्या वाट्याला जवळजवळ फक्त दाब आला. पट्टीसकट दांडा लोखंडी साच्यात अडकवायचा, तसाच वाळू द्यायचा, की वळण कायमचं. 1856 मध्ये या पद्धतीचे हक्क टोनेट कुटुंबाला मिळाले. मोरावियातल्या कोरिचानी गावी, बीच वृक्षांच्या जंगलाशेजारी, कारखाना उभा राहिला आणि 1859 मध्ये 14 क्रमांकाची खुर्ची बाजारात आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून भरल्या तर एक घनमीटर खोक्यात 36 खुर्च्या मावत. 1930 पर्यंत या एका नमुन्याची विक्री पाच कोटींच्या घरात गेली असं सांगितलं जातं.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, आणि घोटाळाही इथूनच सुरू होतो. टोनेटचे हक्क 1869 मध्ये संपले. त्यानंतर व्हिएन्नाच्या याकोब आणि योझेफ कोह्न यांनी, बोहेमियातल्या फिशेल घराण्याने आणि पुढे डझनावारी कारखान्यांनी तीच खुर्ची, त्याच रीतीने, त्याच बीचच्या लाकडात बनवायला घेतली. नेमक्या त्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला, आणि ऑस्ट्रियाच्या त्रिएस्त बंदरातून मुंबईला येणाऱ्या आगबोटींचा रस्ता कितीतरी जवळचा झाला. म्हणजे आपल्याकडे यायची वाट सुकर झाली तेव्हा ही खुर्ची एकट्या टोनेटची उरलीच नव्हती. तरी आज जुन्या सामानाच्या बाजारात अशी कुठलीही खुर्ची ‘टोनेट’ म्हणूनच विकली जाते. लोखंडी कपाट कोणत्याही कंपनीचं असो, आपण त्याला ‘गोदरेज’ म्हणतो, तसंच हे. घाट पाहून कर्ता सांगणाऱ्याने हे वर्ष लक्षात ठेवावं. 1869 नंतरच्या खुर्चीत घाट कारागिराचं नाव सांगत नाही, फार तर घराणं सांगतो.

मग पाहायचं काय? पहिली गोष्ट, लाकडाच्या रेषा. पाठीची मोठी कमान जिथून सुरू होते तिथे बोट ठेवावं आणि रेषांच्या कडेकडेने वरपर्यंत न्यावं. खरोखर वाकवलेल्या लाकडात रेषा कमानीबरोबर वळत जातात, मध्येच तुटत नाहीत. मागचा पाय आणि पाठ हा एकच सलग दांडा असतो. फळीतून कापून काढलेल्या नकलेत रेषा सरळच राहतात, वळणावर कडेला येऊन संपतात, आणि थोड्या थोड्या अंतरावर जोड दिसतो. बैठकीचं कडंही असंच पाहावं. त्याची दोन टोकं एकमेकांवर लांब तिरकी तासून बसवलेली असतात आणि तो सांधा खालून दिसतो. दुसरी गोष्ट, लाकडाची जात. कारखान्यातून या खुर्च्या बऱ्याचदा शिसव किंवा महोगनीसारख्या दिसाव्यात म्हणून गडद रंगवून निघत, त्यामुळे कितीतरी घरांत त्यांना बिनदिक्कत ‘शिसवी’ म्हणतात. पॉलिश न पोचलेल्या जागी, म्हणजे सांध्याच्या पोटात किंवा स्क्रूच्या भोकाशी, पाहिलं तर फिकट, किंचित गुलाबीसर लाकूड दिसतं आणि त्यावर बारीक, आखूड, तपकिरी रेघोट्या. ही बीचची खूण. बीच आपल्याकडे उगवत नाही. तेव्हा खुर्ची सागवानी निघाली तर ती मोरावियाची नव्हे, मग तिच्यावर कोणाचंही नाव असो.

तिसरी साक्ष पेचांची. डोक्यावर एकच सरळ खाच असलेले स्क्रू जुनेही असू शकतात आणि नवेही, त्यावरून काही ठरत नाही. पण ज्याला आपण ‘स्टार’ म्हणतो तो फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930च्या दशकात प्रचारात आला. तो दिसला तर एक तर खुर्ची त्यानंतरची, नाही तर दुरुस्ती तरी त्यानंतरची. आणि बैठक. पुष्कळ खुर्च्यांवर आज प्लायवूडची गोल पाटी खिळ्यांनी ठोकलेली असते. ती उचलून पाहिली आणि खाली कड्यावर सगळीकडे सारख्या अंतराने भोकांची रांग निघाली, तर मूळ बैठक वेताने विणलेली होती हे नक्की. भोकं नसतील तर पाटी मूळची असण्याचा संभव वाढतो, कारण टोनेट आणि कोह्न या दोघांनीही पुढच्या काळात ठसे उमटवलेल्या लाकडी पाट्यांच्या बैठका केल्या होत्या. भोकांची एवढीशी रांग, पण ती खोटं बोलत नाही.

आता नाव. ते असतं तिथेच जिथे सहसा कोणी पाहत नाही: बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला. कधी लाकडात दाबलेला शिक्का, कधी कागदी चिठ्ठी, कधी दोन्ही. कागदाला कसर लागते, पाण्याने तो निघून जातो, त्यामुळे चिठ्ठी नसणं हा कशाचाच पुरावा नाही. असली तर मात्र ती बारकाईने वाचावी, कारण तिच्यात नावाखेरीज काळही असतो. कोह्न आणि मुंडुस या दोन कंपन्या 1914 मध्ये एकत्र आल्या आणि 1920च्या दशकाच्या सुरुवातीला टोनेटही त्यांना मिळाली. दोन नावं एका चिठ्ठीवर असतील तर ती चिठ्ठी 1914 आधीची असू शकत नाही. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा देशच 1918 मध्ये जन्मला. 1904 साली सुरू झालेल्या हॉटेलातल्या खुर्चीवर त्या देशाचं नाव निघालं, तर खुर्ची हॉटेलाच्या उद्घाटनाला हजर नव्हती हे उघड आहे. इराण्यांच्या खुर्च्या पोलंडच्या की चेकोस्लोव्हाकियाच्या, हा वादही मला यामुळे फुकटचा वाटतो. कोह्नचा एक मोठा कारखाना राडोम्स्कोला होता. ते गाव पहिल्या महायुद्धापर्यंत रशियन साम्राज्यात होतं आणि नंतर पोलंडमध्ये आलं. टोनेटचे बरेच कारखाने मोरावियात, म्हणजे पुढच्या चेकोस्लोव्हाकियात. एकाच हॉटेलात दोन्हीकडचा माल असू शकतो.

इथे कोणी म्हणेल, शिक्का स्पष्ट वाचता येतो, चिठ्ठी जुनी दिसते, मग एवढी उलटतपासणी कशाला? या खुर्चीपुरतं उत्तर तिच्या रचनेतच आहे. सहा भाग स्क्रूने जोडलेले, सुटे होणारे, आणि निरनिराळ्या कारखान्यांचे भाग आकाराने जवळपास सारखे. ज्या हॉटेलात शंभर खुर्च्या दिवसभर ओढल्या जातात तिथे दुरुस्ती करणारा सुतार एका मोडक्या खुर्चीची पाठ दुसरीला लावतो, तिसरीचं कडं चौथीला. त्यात त्याचं चुकलं काहीच नाही, कारण खुर्ची तशीच वापरावी म्हणून बनली होती. पण शिक्का फक्त कड्यावर आहे, आणि कडं टोनेटचं म्हणून पाठही टोनेटची होत नाही. म्हणून पॉलिशची छटा, दांड्याची जाडी, स्क्रूंच्या भोवतालची झीज सगळीकडे सारखी आहे का, हे पाहिल्याशिवाय शिक्क्याचा अर्थ पुऱ्या खुर्चीला लावता येत नाही. पुष्कळदा प्रामाणिक उत्तर ‘दोघांनी मिळून’ असंच असतं.

हा नियम फक्त खुर्चीला लागू होतो असंही नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या सुतारांच्या संघाने आपल्या सभासदांना नावाचा शिक्का मारणं सक्तीचं केलं होतं. मग तिथे तरी नाव निर्णायक असायला हवं. पण विकायला किंवा दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्याच्या मालावरही शिक्के मारले जात, त्यामुळे पॅरिसच्या कपाटावरचं नाव कधी घडवणाऱ्याचं असतं, कधी डागडुजी करणाऱ्याचं. उलट टोक पाहायचं तर लंडनचा टॉमस चिपेंडेल. आपल्या मालावर तो नाव घालत नसे. 1754 मध्ये त्याने नमुन्यांचं जाडजूड पुस्तक छापलं आणि ते पाहून इंग्लंडभरच्या सुतारांनी तसाच माल केला. आज एखादी खुर्ची त्याच्या हातची मानायची तर आधार लागतो हेअरवुड हाउससारख्या वाड्यांच्या दफ्तरातल्या त्याच्या बिलांचा. पुस्तकातल्या चित्राशी खुर्ची जुळणं हा तिथे पुरावा धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

बिलं म्हटलं की घरातल्या आठवणींचा प्रश्न येतो. ‘पणजोबांनी खुद्द व्हिएन्नाहून मागवली’ हे वाक्य टाकाऊ नाही. त्यात कोणीतरी, केव्हातरी, परदेशी माल विकत घेतल्याची स्मृती असते. पण स्मृतीत दुकानदार आणि कारखानदार चटकन एक होतात. मुंबईच्या दुकानाने आपली पाटी ठोकली असेल, लिलावातून घेतली असेल, तर पुढच्या पिढीला तेवढंच नाव आठवतं. त्यामुळे जुनी वही, पावती, लग्नाच्या पंगतीतला फोटो जपून ठेवावेत. एखाद्या फोटोत ती खुर्ची दिसत असेल तर निदान त्या साली ती घरात होती एवढं पक्कं होतं, आणि त्यावेळी बैठक वेताची होती की पाटीची तेही कळतं.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: एवढं करून मिळायचं काय? खुर्ची बसायला आहे. ती कोह्नची ठरली काय नि फिशेलची ठरली काय. किमतीसाठी म्हणाल तर हा आक्षेप मला मान्य आहे. कोट्यवधींनी बनलेल्या वस्तूच्या नावामागे पैशासाठी धावू नये. पण कर्ता शोधताना आपण ज्या गोष्टी पाहतो, त्याच गोष्टी ती वस्तू टिकवायला लागतात. लाकूड वाफवून वाकवलेलं आहे हे कळलं की सांधा सुटल्यावर तिथे खिळा ठोकायचा नाही, तो तंतू चिरत जातो, हे कळतं. बैठक वेताची होती हे कळलं की प्लायवूडऐवजी वेत विणणारा शोधला जातो, आणि त्या कारागिरालाही काम मिळतं. शिवाय शिक्क्यावर असतं ते मालकाचं नाव. वाफेतून गरम दांडा काढून दमाने साच्यात ओढणारे, हातांनी वेत विणणाऱ्या आणि पॉलिश करणाऱ्या मोरावियातल्या बाया, यांचं नाव कुठेच नाही. त्यांच्या हाताची खूण रेषांत, सांध्यात आणि विणीत आहे, आणि ती वाचायची तर वस्तूचं शरीरच वाचावं लागतं. आपल्या सुतारांनी केलेल्या, कधीच नाव न लागलेल्या देवघरांना आणि पलंगांनाही हीच रीत लागू पडते. नावावर अडून बसलो तर त्यांच्याबद्दल बोलायला आपल्याकडे एक शब्द उरणार नाही.

तेव्हा घरची जुनी खुर्ची पॉलिशला देण्याआधी ती उलटी करा आणि कड्याच्या आतल्या बाजूचे, सांध्यांचे, प्रत्येक स्क्रूचे फोटो काढून ठेवा. चिठ्ठी असेल तर तिला पाणी किंवा स्पिरिट लागू देऊ नका. आणि कारागिराला स्पष्ट सांगा, की आतल्या बाजूला सँडपेपर मारायचा नाही आणि काढलेला एकही स्क्रू फेकायचा नाही.