समतोलातील चलबिचल

काही रेणू प्रकाश शोषून काही नॅनोसेकंदांतच अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात; या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. अभिक्रियांचा एरवी न दिसणारा वेग मोजण्यासाठी तिचा उपयोग होतो. द्रावणातील अभिक्रिया समतोलात पोहोचली, तरी रेणूंचे जुळणे आणि सुटणे सारख्याच वेगाने चालू राहते, मात्र एकूण प्रमाण स्थिर असल्याने तो वेग दिसत नाही. म्हणूनच जर्मनीतील मानफ्रेड आयगेन यांच्यासारख्या संशोधकांनी तापमान एकदम वाढवून समतोल मुद्दाम ढळवला आणि तो पुन्हा प्रस्थापित होण्यास किती वेळ लागतो, हे मोजले.

समतोलाला धक्काही न लावता हेच साधण्याचा मार्ग १९७२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डग्लस मॅग्डे, एलियट एल्सन आणि वॉट वेब यांनी दाखवला, आणि त्यातील कल्पकता आजही थक्क करणारी आहे. एथिडियम ब्रोमाइड हा प्रतिदीप्त रंजक डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरला की कितीतरी अधिक उजळतो. त्यामुळे लेसरच्या बारीक झोतात रेणू आले-गेले किंवा डीएनएला जुळले-सुटले, की प्रकाशाची तीव्रता किंचित हेलकावे खाते. एरवी गोंगाट म्हणून सोडून दिले जाणारे हे हेलकावे त्यांनी नोंदवले आणि प्रत्येक क्षणाची तीव्रता थोड्या वेळानंतरच्या तीव्रतेशी कितपत जुळते, म्हणजेच तिचा स्वसहसंबंध किती वेगाने ओसरतो, यावरून रेणूंच्या विसरणाचा, म्हणजे आपोआप पसरत जाण्याचा, तसेच अभिक्रियेचाही वेग काढला.

रेणू जितके कमी, तितके हेलकावे ठळक. १९९० च्या दशकात स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील रुडॉल्फ रिगलर आदींनी कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने निरीक्षणाची जागा सुमारे एक फेम्टोलिटर, म्हणजे लिटरच्या अब्जांशाच्या दशलक्षांशाइतकी आक्रसली. नॅनोमोलर द्रावणात तेवढ्या जागेत सरासरी एकही पूर्ण रेणू नसतो.

पद्धतीची मर्यादाही आहे. गोलाकार रेणूचे वस्तुमान दुप्पट झाले, तरी त्याची त्रिज्या आणि पर्यायाने झोत ओलांडण्याचा काळ जेमतेम २६ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे सारख्या आकाराची दोन प्रथिने जुळली की नाही, हे एका रंगावरून ठरवणे कठीण जाते. त्यासाठी दोहोंना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा लावून दोन्ही रंग एकाच वेळी हेलकावतात का, हे तपासतात. पुंजके मोठे असतील, तर मात्र एकच रंग पुरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटाचे सुटे रेणू एकत्र येऊन पुंजके कसे बनतात, याचा वेध या पद्धतीने घेतला आहे.