जंगी जीपगाडीचा जीर्णोद्धार

गतकाळाच्या युद्धसाहित्यापैकी तलवारी, बंदुका आणि तोफा यांना आपल्या वस्तुसंग्रहालयांत मानाचे स्थान मिळाले आणि त्यांची रीतसर दफ्तरी नोंदही झाली. परंतु ज्या वाहनांनी दुसऱ्या महायुद्धात शिधा, दारूगोळा आणि टपाल आघाडीपर्यंत पोहोचवले आणि परतीच्या वाटेवर जखमी सैनिकांना इस्पितळाकडे आणले, त्यांच्या जतनाचा विचार आपल्याकडे फार उशिरा आणि फार थोड्यांनी केला. या वाहनांत संख्येने आणि उपयुक्ततेने अग्रगण्य अशी गाडी म्हणजे पाव टन क्षमतेची जीप. जुन्या जंगी वाहनाची दुरुस्ती कोठून आरंभावी, कोठे थांबवावी आणि पुढे त्याची निगा कशी राखावी, हे सारे प्रश्न या एका लहानशा गाडीच्या निमित्ताने नीट समजून घेता येतात, म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात, फ्रान्सचा पाडाव झाला त्या सुमारास, अमेरिकेच्या लष्करी खात्याने चारही चाकांना गती देणाऱ्या हलक्या टेहळणी गाडीची मागणी १३५ कारखानदारांकडे पाठवली आणि नमुना सादर करण्यास अवघ्या ४९ दिवसांची मुदत दिली. ‘अमेरिकन बँटम’ या डबघाईला आलेल्या लहान कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने ती मुदत पाळली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत आपली गाडी हजर केली. परंतु उत्पादनाचा मोठा मक्ता मिळाला तो विलीस-ओव्हरलँड कंपनीला, कारण बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले तिचे चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे इंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांपेक्षा पुष्कळच बलवान होते. पुढे मागणी एका कारखान्याच्या आवाक्याबाहेर गेल्यावर त्याच आराखड्याची गाडी फोर्डनेही बनवली, आणि युद्धसमाप्तीपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या.

ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी त्यांतील पुष्कळ गाड्या पूर्व भारतात आल्या. युद्ध संपल्यावर अतिरिक्त साहित्याचे लिलाव झाले आणि त्या नागरिकांच्या हाती गेल्या. बंगालमधील पानागढ येथे अमेरिकी वाहनांचा मोठा तळ होता, आणि जुन्या गाड्या व त्यांचे सुटे भाग यांचा व्यापार तेथे आजही चालतो. त्यानंतर मुंबईत, १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघालेल्या पेढीने, १९४७ पासून विलीसच्या नागरी जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. तीच आजची महिंद्रा अँड महिंद्रा. तिची सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप पुढे कित्येक दशके भारतात बनत राहिली आणि भारतीय सेनेतही तिने दीर्घकाळ चाकरी केली. १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे निकामी केले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळवले, हे सर्वविदित आहे. जीर्णोद्धाराच्या दृष्टीने या उत्पादनाचा लाभ असा की, पाटे, बेअरिंगे, ऑइल सिले, गिअरपेटीचे दाते असे कितीतरी जिन्नस येथे बनत राहिले आणि परदेशांतील शौकीनही ते येथून मागवू लागले.

याच सुलभतेची दुसरी बाजू मात्र चिंतेची आहे. सुटे भाग मिळतात म्हणून युद्धकालीन गाडीवर नागरी गाडीचे भाग चढत गेले, पेट्रोल महागले तसे मूळ इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवण्यात आले, डावीकडचे सुकाणू उजवीकडे गेले, आणि अखेरीस महायुद्धातली म्हणून अभिमानाने दाखवली जाणारी गाडी वस्तुतः तीन-चार निरनिराळ्या गाड्यांचा मेळ असल्याचे आढळू लागले. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी गाडीची ओळख पटवणे, हे जीर्णोद्धाराचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य होय.

ही ओळख सांगाड्यावरून पटते. बॉडी व इंजिन बदलता येतात, सांगाडा सहसा बदलला जात नाही. रेडिएटरच्या खाली, पुढच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा भाग गोल नळीचा असेल तर सांगाडा विलीसचा, आणि तो उलट्या पन्हळीच्या आकाराचा असेल तर फोर्डचा. विलीसचा क्रमांक पुढच्या डाव्या दांड्याच्या आतील बाजूस रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, तर फोर्डने तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर थेट ठोकून उमटवलेला असतो. शिवाय फोर्डने आपल्या भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवर देखील, आपले वळणदार ‘एफ’ अक्षर कोरले होते. युद्धकालीन गाडीच्या पुढच्या जाळीला नऊ फटी, नागरी गाडीच्या जाळीला सात. युद्धकालीन गाडीला मागचे उघडणारे फळके नाही, आणि तिची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. जुना रंग एकदम खरवडून न काढता बारीक पॉलिशकागदाने थरामागून थर उतरवला, तर बॉनेटच्या कडेला वीस या आकड्याने सुरू होणारा मूळ अमेरिकी लष्करी क्रमांक कधी कधी हाती लागतो. असा क्रमांक सापडला म्हणजे त्या गाडीचा इतिहास सांगणारा दस्तऐवजच मिळाला असे समजावे, आणि नवा रंग देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र अवश्य घ्यावे.

पत्र्याच्या कामात गंजाची मोठी जागा बाहेरून दिसत नाही. बॉडीच्या तळाला बळकटी देणाऱ्या पोकळ पट्ट्यांत कारखान्याने लाकडाचे ठोकळे बसवले होते. पावसाचे पाणी त्यांत मुरते, लाकूड कुजते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. कोकणातील आणि मुंबईतील हवेत ही क्रिया किती वेगाने होत असेल, याची कल्पना करता येते. अशा ठिकाणी लांबी भरून वरून रंग देणे ही निव्वळ फसवणूक आहे. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा जोडावा, लाकूड नवे घालायचे तर ते आधी जलरोधक करून घ्यावे. फिलिपाइन्समध्ये बनलेल्या संपूर्ण नव्या बॉड्या जगभर विकल्या जातात आणि त्या दिसतातही सुबक. तरी मूळ बॉडीचा अर्धा भाग जरी वाचत असेल तरी तो वाचवावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

इंजिनाच्या बाबतीत या गाडीचे आयुष्य मोठे आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले हे साधे यंत्र अल्प दाबावर चालते आणि हलक्या प्रतीचे इंधनही सोसते. त्याचे दुखणे बहुधा पाण्याच्या वाटांत साठलेल्या क्षारांतून आणि त्यामुळे होणाऱ्या अतितापातून उद्भवते. मग व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद भागात तडा जातो. बिडाच्या ओतकामाला थंड अवस्थेत वेल्डिंग केले तर तडा वाढण्याचाच संभव अधिक, म्हणून ते काम पूर्वतापन करून देणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. बोअर करण्याची घाई करू नये. मोजमाप करून गरज असेल तेवढेच लोखंड काढावे, कारण प्रत्येक वेळी कापलेले लोखंड पुन्हा मिळत नाही.

आजच्या काळाने एक नवी अडचण उभी केली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील बाष्प शोषते, टाकी गंजवते, आणि जुन्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा व कार्बुरेटरची गॅस्केटे मऊ करते. यावर उपाय दोनच: रबरी भाग इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे बसवावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवावेत.

ब्रेकच्या बाबतीत हयगय करणे म्हणजे जीवाशी खेळणे होय. या गाडीचे चारही ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एक नळी फुटली की पाय थेट फळीला लागतो, आणि मग उरतो तो प्रोपेलर शाफ्टवरचा हातब्रेक. म्हणून नळ्या आणि वॉशर सरसकट नवे घालावेत, ब्रेकचे तेल ठरावीक मुदतीने बदलावे. जुनी ब्रेक व क्लच लायनिंगे ॲस्बेस्टॉसची असतात. त्यांची भुकटी हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. त्या काळच्या काही मापकांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांत रेडियम असे, तेव्हा तबकडी उघडून तिच्यावरचा रंग खरवडण्याचा मोह टाळावा. लढाऊ चाकाची रिम दोन भागांची असून ती नटांनी जोडलेली असते; टायरमधली सर्व हवा सोडल्याशिवाय त्या नटांना हात लावणे प्राणघातक ठरू शकते. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे न जाणणारा मिस्त्री जोर लावून बोल्ट तोडतो.

अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी १९४४ मध्ये काढलेली टीएम ९-८०३ ही पुस्तिका आजही या गाडीचा अव्वल मार्गदर्शक आहे. तिच्यातील वंगणाच्या तक्त्याबरहुकूम दर १,००० मैलांनी ग्रीस मारावे, हवा गाळणारे तेलाचे भांडे धुळीच्या दिवसांत वारंवार साफ करावे, आणि पक्क्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची गती लावू नये, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतील फरकाला वाट न मिळाल्याने सारा ताण गिअरांवर आणि शाफ्टांवर येतो. पावसाळ्यात प्लास्टिकचे आच्छादन घालू नये, त्याखाली ओल कोंडते. सुती आच्छादन आणि मोकळी हवा बरी.

कायद्यानेही आता या विषयाची दखल घेतली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी मिळते. प्रथम नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. प्रदर्शने, मेळावे, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती गाडी रस्त्यावर आणता येते. म्हणजे मूळ स्वरूप राखण्याला आता केवळ शौकिनांच्या आग्रहाचे नव्हे, तर सरकारी दाखल्याचेही बळ आहे.

मूळ स्वरूप राखणे आणि गाडी चालती ठेवणे, या दोन गोष्टी प्रसंगी परस्परांविरुद्ध जातात. अहिल्यानगर येथे १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून पॅटन आणि विजयंतापर्यंतची वाहने स्थिर उभी आहेत. याउलट इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाने, एप्रिल १९४३ मध्ये ट्यूनिशियात हस्तगत झालेला टायगर रणगाडा चालू स्थितीत आणला आणि मोजक्याच प्रसंगी तो लोकांसमोर चालवला जातो. एकमेव नमुना असेल तर त्याला विश्रांती द्यावी, हे मान्य. परंतु लाखोंनी बनलेल्या जीपला, किंवा जबलपूरच्या कारखान्यांतून निघालेल्या शक्तिमान ट्रकला आणि जोंगाला, तो न्याय लावण्याचे कारण नाही. जी गाडी चालत नाही, तिचे सिलिंडर जाम होतात, क्लचप्लेट चिकटते, आणि ती चालवण्याची विद्याही एका पिढीत नाहीशी होते.

ज्या वाचकांच्या गावी एखाद्या वाड्यामागे वा गोठ्यात जुनी जीप उभी असेल, त्यांना एवढीच विनंती आहे की, भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी डाव्या दांड्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा, पुढच्या आडव्या भागाचे छायाचित्र काढावे, लिलावाचा किंवा खरेदीचा जुना कागद शोधावा, आणि ती गाडी सांभाळणारा मिस्त्री हयात असेल तर कोणता भाग केव्हा आणि का बदलला, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.