दिल्ली पासिंगची स्पोर्टी कार स्वस्तात मिळतेय? गोंदियात आणण्याआधी एवढं बघाच

इन्स्टावर रील येते. काळी पोलो जीटी, खाली बसवलेली, मागून फटाके फोडणारा सायलेन्सर, काचेवर 'सिंगल ओनर' लिहिलेलं आणि किंमत अशी, की त्यात नवी साधी हॅचबॅकही येणार नाही. गाडी दिल्ली पासिंगची. विदर्भातले पोट्टे ती रील एकमेकांना पाठवतात आणि त्यातला एखादा खरंच दिल्लीचं तिकीट काढतो.

गाडी स्वस्त असण्यामागे कारण आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांपुढच्या डिझेल आणि 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टाने तूर्तास कारवाई नको असं सांगितलं, पण तोवर कित्येक वर्षं दिल्लीकरांनी धडधाकट गाड्या मिळेल त्या भावात बाहेरच्या राज्यांत काढल्या होत्या. पोलो जीटी टीडीआयसारखी डिझेल गाडी दहाव्या वर्षी तिथे ओझं ठरते आणि बाहेर तिला गिऱ्हाईक तयार असतं.

म्हणजे स्वस्त गाडी म्हणजे चोरीचीच, असं नाही. पण गोष्ट इथे संपतही नाही.

'एक वर्ष आहे ना हातात'

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. त्यामुळे इथल्या रस्त्यावर एमएच-35 च्या जोडीला बालाघाटची एमपी-50 आणि राजनांदगावची सीजी-08 रोजच दिसते. बाहेरच्या नंबरच्या गाडीकडे कोणी वळूनही बघत नाही. त्यातूनच एक समज पक्का झालाय, की परराज्यातली गाडी वर्षभर तशीच फिरवता येते.

यातलं अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 मधली 12 महिन्यांची मुदत आहे ती गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवणाऱ्यासाठी. गाडी विकत घेतली असेल तर कलम 50 लागतं आणि घेणाऱ्याला 30 दिवसांत आपल्या आरटीओकडे नाव बदलायला अर्ज करावा लागतो. ही दोन कलमं एकत्र करून सांगणारे एजंट भरपूर आहेत.

कागदांची साखळी अशी: मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म 35. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. महाराष्ट्राचा नंबर घ्यायला फॉर्म 27. एनओसीवर कोणत्या आरटीओसाठी दिली ते लिहिलेलं असतं, ते वाचा. दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाची एनओसी गोंदियात उपयोगाची नाही.

आणि कर. वैयक्तिक नावावरच्या नव्या कारला महाराष्ट्रात पेट्रोलसाठी 11 ते 13 टक्के आणि डिझेलसाठी 13 ते 15 टक्के एकरकमी कर आहे. जुन्या गाडीला तो वयानुसार कमी होतो, पण माफ होत नाही. गाडी 15 वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेगळा. रीलमधल्या किमतीत यातलं काहीच धरलेलं नसतं.

नंबर प्लेट नाही, चेसिस बघा

डीसी अवंती आठवतेय? डीसी कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी या गाडीचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांना अटक केली. एकाच इंजिन आणि चेसिस नंबरवर दोन राज्यांत दोन गाड्यांची नोंद झाली आणि गाड्यांवर कर्जंही उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप खरे-खोटे ठरवणं कोर्टाचं काम. पण नोंदणी असलेल्या, दिसायला चकाचक गाडीच्या बाबतीतही असा प्रश्न उभा राहू शकतो, हे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवायला हवं.

म्हणून टोकन देण्याआधी बॉनेट उघडून चेसिस नंबर स्वतः वाचा, आरसीशी जुळवा आणि गाडीचा नंबर एम-परिवहन अॅपवर टाकून बघा. कितवा मालक, बोजा आहे का, विमा कधी संपतोय, सगळं तिथे दिसतं. थकलेली चलनंही आधीच तपासा, नाहीतर ती तुमच्याच गळ्यात पडतात.

'मॉडिफाइड आहे भाऊ, म्हणून भारी'

उलट, म्हणूनच भाव पाडा.

जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. कलम 182-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर कलम 190 आहे: 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद. रंग बदलला असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. फटाके फोडणारा सायलेन्सर घेणार असाल, तर मूळ सायलेन्सरही मागून घ्या. तो नसेल तर नवा बसवायचा खर्च किमतीतून वजा करा.

न दिसणारा बदल जास्त महाग पडतो. त्याला रिमॅप म्हणतात, पोट्ट्यांच्या भाषेत 'स्टेज वन'. इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून टर्बोचा दाब वाढवतात. पोलो जीटी टीएसआय कंपनीतून 105 पीएसची यायची, रिमॅपनंतर ती त्याहून बरीच जोरात पळते. तो जोर क्लच आणि गिअरबॉक्सने सोसायचा असतो. विमा कंपनीला हा बदल कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

या टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे, त्याचे क्लच कोरडे. रेल्वे फाटकावर इंच-इंच सरकताना ते तापतात आणि गोंदियात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. ट्रायल दुपारीच घ्या. पाऊण तास गर्दीतून चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसले किंवा गिअरचा दिवा लुकलुकला, तर गाडी तिथेच सोडा. ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात चालतो. ते तेल साधारण 60,000 किलोमीटरला बदलावं लागतं, त्याचं बिल मागा. रांजणगावात बनलेली 145 पीएसची अबार्थ पुंटो चालवायला मजेदार आहे, पण फियाट 2019 मध्ये भारतातल्या बाजारातून गेली. पार्ट शोधायची तयारी असेल तरच तिच्या नादी लागा.

बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ पॉलिशवाल्याच्या हातून तिथेच सुटते. टायरवरचे चार आकडेही वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. खोल नक्षी असली तरी असा टायर म्हाताराच.

घेतल्यावरही काम बाकी आहे

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मात्र येत नाही, त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो.

आणि नवी गाडी आणायला घरची जुनी काढत असाल, तर 2018 चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल माहीत असू द्या. गाडी विकून झाली होती, पुढे ती आणखी हातोहात फिरली, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. 2009 मध्ये त्या गाडीने अपघात केला, त्यात मृत्यू झाला. सुप्रीम कोर्टाने भरपाईची जबाबदारी टाकली ती नोंदीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर. स्टॅम्प पेपरवर सही करून चावी देणं म्हणजे विक्री पूर्ण झाली, असं गावोगावी धरलं जातं. फॉर्म 29 भरून 14 दिवसांत आरटीओला कळवण्याचं काम विकणाऱ्याचं आहे. गाडी परराज्यात गेली असेल तर त्याला 45 दिवस मिळतात.