दहिवली : ओळख एका दृष्टिक्षेपात

- ठिकाण : उल्हास नदीकाठी, कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत, जिल्हा रायगड. (अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत वेगळं.)
- नावातला फरक : सातबाऱ्यावर ‘दहिवली तर्फे नीड’. ‘दहिवली तर्फे वरेडी’ हे तालुक्यातलंच दुसरं गाव. तर्फ म्हणजे काही गावांचा जुना महसुली गट.
- रेल्वे : बोरघाटातून पुण्याकडचा लोहमार्ग 1863 मध्ये पूर्ण. कर्जतला गाडीच्या मागे जोडलेली ‘बँकर’ इंजिनं तिला रेटत घाट चढवतात.
- स्वातंत्र्यलढा : हिराजी पाटील आणि माथेरानचे वीर भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले.
- जिल्ह्याचं नाव : कुलाबा, 1981 पासून रायगड.