दरीच्या काठावरील पाठ : चिखलदऱ्याची सहल कशी योजावी

आपल्या वऱ्हाडचा बराचसा भाग सपाट, काळ्या जमिनीचा आहे. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या गावच्या मुलाने पाहिलेली सर्वांत खोल जागा म्हणजे गावची विहीर आणि सर्वांत उंच जागा म्हणजे देवळाचा कळस. पर्वत, दरी, धबधबा हे शब्द तो भूगोलाच्या पुस्तकात वाचतो, पाठ करतो व परीक्षेत लिहितोही. परंतु त्या शब्दांमागे त्याच्या डोळ्यांपुढे कोणतेही चित्र उभे राहत नाही. गाविलगडची डोंगररांग मात्र आपल्या उत्तरेलाच उभी आहे. तेथवर मुलांना नेणे आणि सुखरूप परत आणणे, या दोन्ही गोष्टींचा विचार या लेखात केला आहे.

स्थळाची ओळख

चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. पायथ्याकडील अचलपूरची उंची सुमारे ३७० मीटर भरते. उंची एक हजार मीटरने वाढली की तापमान साधारणपणे सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने या दोन ठिकाणांत चार-पाच अंशांचा फरक पडावा. सोबत तापमापक नेऊन मुलांनी तो स्वतः पडताळून पाहावा. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत लोटले, तिला कीचकदरा म्हणू लागले व त्यावरून चिखलदरा हे नाव पडले, अशी लोककथा आहे. भीमकुंड हे स्थान त्याच कथेशी जोडलेले आहे. शेजारच्या गाविलगड किल्ल्याचा पाडाव इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने १५ डिसेंबर १८०३ रोजी केला. कथा व इतिहास यांतील भेद शिकविण्यास याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

अवघड वाट उलटी असते

दरी व धबधबा पाहण्याच्या जागांकडे जाणाऱ्या पायवाटा बहुधा लहान असतात, म्हणूनच त्या सोप्या वाटतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डोंगर चढून जाताना आधी श्रम व नंतर विसावा असतो. पठारावरून दरीकडे उतरताना मात्र क्रम उलटा होतो. जाताना मुले धावत सुटतात आणि परतीचा खडा चढ पाय थकल्यावर, पाणी संपल्यावर समोर येतो. यासाठी एकूण वेळेचा एक भाग उतरण्यास व दोन भाग परतण्यास राखून ठेवावेत, आणि निम्मे पाणी परतीकरिता शिल्लक असावे.

काठावर काय शिकवावे

पहिला पाठ खडकाचा. हा सारा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. समोरच्या कड्यावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. काही थर कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ असतात. पडणारे पाणी खालचा ठिसूळ थर आधी पोखरते; वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे येतो आणि कालांतराने आधार सुटून कोसळतो. अशा रीतीने धबधबा मागे मागे सरकतो व पुढे दरी लांबत जाते. याच खडकाच्या झिजेतून आपल्या शेतातील काळी माती तयार झाली, हे सांगितल्यावर मुलाचा कपाशीच्या वावराशी या कड्याचा संबंध जुळतो.

दुसरा पाठ पाण्याचा. या रांगेच्या उत्तर उतारावरील सिपना व गडगा या नद्या तापीकडे जातात, तर दक्षिण उतारावरील चंद्रभागा व शहानूर पूर्णेस मिळतात. पूर्णाही पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. डोंगरमाथ्यावर वेगळे झालेले पावसाचे दोन थेंब असे शेवटी एकत्र येतात. खारपाणपट्ट्यातील ज्या मुलांच्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यांना हा पाठ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा पाठ आवाजाचा. पंचबोल या जागी हाकेचे प्रतिध्वनी उमटतात. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाक व प्रतिध्वनी यांत दोन सेकंद गेले, तर आवाज जाऊन परत येण्यात ६८० मीटर झाले. म्हणजे समोरचा कडा ३४० मीटरवर आहे. गणिताचा असा तास मुले सहसा विसरत नाहीत. तथापि कड्यांवर आग्या मोहोळे असतात. ती जवळ दिसत असल्यास हाका मारू नयेत, धूर करू नये व दगड तर कधीच फेकू नये.

माझी एक चूक

सुमारे तीस वर्षांपूर्वी, मी शिक्षक असताना, ऐन ऑगस्टमध्ये ४१ मुलांना घेऊन अशाच एका वाटेने उतरलो. सोबत एकच सहकारी व वाट दाखविणारे एक कोरकू गृहस्थ होते. निघताना मुले मोजली. दरीजवळ धुके दाटून आले, म्हणून तेथे न मोजताच घाईने परतलो. वर आल्यावर ४० भरली. ते कोरकू गृहस्थ एक शब्दही न बोलता खाली गेले व काही वेळाने एका मुलाचे मनगट धरून वर आले. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. इतर मुले हसतील म्हणून तो एका खडकाआड बसून दोरी बांधीत होता. तेथून काठ दोन पावलांवर होता. तो रडला नाही, एवढेच म्हणाला, "गुर्जी, तुमी आमाले मोजलं नाई काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून हे नियम

१. सहल सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात न्यावी. धबधब्यास पाणी असते व धुके, शेवाळ कमी झालेले असते.
२. शिक्षकाने आधी स्वतः ती वाट चालून यावी. वनखात्याची परवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी.
३. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. एक सर्वांपुढे, एक सर्वांमागे.
४. मुलांच्या जोड्या लावाव्यात. निघताना, काठावर पोहोचताच, काठ सोडताना व वर आल्यावर अशी चार वेळा मोजणी व्हावी.
५. पायांत पट्ट्याची पादत्राणे हवीत. ज्याच्याजवळ नसतील त्याची सोय शाळेने गाजावाजा न करता आधीच करावी.
६. कठडा असेल तेथे त्याच्या आत राहावे. नसेल तेथे काठापासून दहा पावले दूर बसूनच पाहावे. बाहेर आलेला थर खालून पोकळ असतो, हे मुलांनी नुकतेच शिकलेले असते.
७. धुके उतरू लागताच परत फिरावे. मुले हिरमुसतील, हिरमुसू द्यावीत.

अपघाताच्या भीतीने सहलच रद्द करणे हा मार्ग काही शाळांना सोपा वाटतो. परंतु त्यामुळे मूल सुरक्षित होत नाही. ते पुढे केव्हातरी कोणी मोजणारे नसताना त्याच काठावर जाते. काठावर कसे उभे राहावे, केव्हा मागे फिरावे आणि सोबत्याची चौकशी कशी करावी, हे त्याने आपल्या शिक्षकाजवळ शिकलेले बरे. सहलीनंतरच्या आठवड्यात मुलांकडून दरीचे चित्र, नद्यांचा नकाशा व कड्याच्या अंतराचे गणित करून घ्यावे. आणि पुढील सहलीच्या वेळी मोजणीचे काम मुलांपैकीच एकाकडे सोपवावे.