दाढीवाला ऑलराउंडर: जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर

आजचा पाहुणा दाढीवाला आहे. जाड भुवया, आजोबांसारखा गंभीर चेहरा आणि अंगावर काथ्यासारखे राठ केस. हा जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर. जर्मनीत याला ‘ड्राटहार’ म्हणतात. ड्राट म्हणजे तार आणि हार म्हणजे केस. सरळसोट नाव!

आता गंमत ऐका. इंग्लंडमध्ये शिकारीच्या कुत्र्यांची कामं वाटलेली होती. पक्षी दाखवणारा वेगळा, उचलून आणणारा वेगळा. जर्मनीत मात्र 1848 च्या क्रांतीनंतर सरदारांचा शिकारीचा मक्ता मोडला आणि साधे जमीनमालकही बंदूक घेऊन निघाले. त्यांना कुत्र्यांचा ताफा कुठून परवडणार? मग हवा होता एकच कुत्रा, जो तितर हुंगून जागच्या जागी थिजेल, थंड पाण्यातून बदक आणेल आणि जखमी हरणाचा रक्ताचा मागही काढेल. आपल्याकडचा कारवान हाउंड शिकार डोळ्यांनी हेरतो आणि धावून गाठतो. ड्राटहारचा सगळा कारभार नाकावर.

1902 मध्ये याच्यासाठी क्लब निघाला. ‘हेगेवाल्ड’ या टोपणनावाने लिहिणारे बॅरन फॉन त्सेडलिट्स यांच्या विचारांचा त्यावर मोठा प्रभाव होता. रक्तशुद्धीच्या त्या जमान्यात या मंडळींनी चक्क मिश्रण केलं: ग्रिफॉन, श्टिखेलहार, कुर्त्सहार आणि पूडलपॉइंटर. हो, त्यात पूडलही आला! सलूनमधल्या फोटोंवर जाऊ नका, पूडल मुळात पाण्यातून बदकं आणणाराच कुत्रा. यांचं म्हणणं एकच, आधी काम बघा, रूप आपोआप ठरेल. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आणि रूप खरंच कामातून ठरलं. वरचे केस दोन ते चार सेंटीमीटर, काट्यांत अडकणार नाहीत इतके आखूड, पण पाणी आणि ओरखडे अडवतील इतके राठ. थंडीत आतली लव दाट होते, उन्हाळ्यात विरळ. भुवया-दाढी झुडपांत तोंड जपतात. जर्मनीत आजही या क्लबच्या नियमांनुसार पिल्लं काढायची तर आधी कुत्र्याला नाक, माग आणि पाण्यातलं काम यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. नुसत्या देखणेपणावर पास नाही.

आता मुद्द्याचं. रील बघून ‘मला हाच पाहिजे’ म्हणत असाल तर जरा थांबा. नर 61 ते 68 सेंटीमीटर उंच, दिवसभर रान तुडवायला घडवलेला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, म्हणजे ती सगळी ऊर्जा तुम्हालाच जिरवावी लागणार. रोज भरपूर पळवणं, पोहायला नेणं, लपवलेली वस्तू वासावरून शोधायला लावणं. यातलं काहीच नसेल तर तो स्वतःच काम शोधतो, आणि वन बीएचकेमध्ये ते काम बहुतेक तुमच्या सोफ्यावरच होतं.