जुनं वॉटर-मेथॅनॉल किट बसवताना

टर्बोने दाबलेली हवा तापते. खटावच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. तीत पाणी-अल्कोहोलचा बारीक फवारा मारला की हवा गार होते, नॉकिंग टळतं. युक्ती जुनीच: 1962च्या ओल्डस्मोबिल जेटफायरला ही सोय कारखान्यातूनच होती.

जुन्या किटचा आधी पंप तपासा. बरीच वर्षं कोरडा पडलेला डायफ्राम दाब येताच फाटतो. मग नॉझल रिकाम्या बाटलीत धरून पंप चालवा: धुकं दिसायला हवं, धार पडली तर नॉझल बदला. वडूजकरांनो, बोअरचं पाणी नकोच! क्षारांनी ते केसाएवढं भोक बुजतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. टाकी नॉझलपेक्षा उंच असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर उभ्या गाडीच्या इंजिनात पाणी आपसूक उतरतं.

पहिली चाचणी नुसत्या पाण्यावर, नंतर निम्मं-निम्मं. मेथॅनॉल ज्वालाग्राही आणि विषारी. हातमोजे घाला, ते पिण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. टाकी रिकामी होताच बूस्ट उतरवणारी सोय नसेल, तर इग्निशन टायमिंगला हात लावू नका.